वीस चिंचोक्यांचा नियम

अक्का, आधी कालचा खेळ सांगतो, रडायचं ते मागून रडू.

मुजीबच्या पहिलवानानं भुयाराच्या सातव्या मजल्यावरचा तो नाग लोळवला! ज्या नागापुढं आपण चौघं इतकी वर्षं अडकून पडलो होतो, तोच. शिवलीलेनं मंत्र टाकून त्याचे डोळे मिटवले, मुजीबनं कुऱ्हाड घातली, आणि खोलीत असा गलका झाला की शेजारच्या घरातून दोन माणसं डोकावून गेली. दुःखाच्या घरात ओरडू नये हे आम्हालाही कळतं. पण तोंडातून निघून गेलं.

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. काल सकाळी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, दुपारपर्यंत पाहुणे पांगले, आणि आम्ही तिघं तुझ्या शिलाईच्या खोलीत कापणीच्या टेबलाभोवती जाऊन बसलो. मावशी दारात आली. म्हणाली, "आज बी खेळायलात व्हय रे?" मग तीच म्हणाली, "खेळा. पोरीनं आयतवार ठरवलेला हाय." आणि तिनं पंखा लावून दिला.

ते पुस्तक तुला कसं सापडलं ते आठवून आम्ही काल खूप हसलो. तू ब्लाउजचे नमुने कापायला रद्दी किलोवर आणायचीस. अशा एका गठ्ठ्यात ते जाड इंग्रजी पुस्तक निघालं. कव्हर नव्हतं, पुढची काही पानं गायब होती, आणि हे वाचण्यासारखं काहीतरी आहे हे तुझ्या ध्यानात येईपर्यंत एका पानाची बाही कापून झाली होती. त्या पानावर नेमके घोड्यांचे नियम होते. म्हणून आपल्या खेळात घोडा कधी आलाच नाही, सगळे शूरवीर जन्मभर पायीच हिंडले.

मी मुडबीहून नुकताच बिदरला आलो होतो. पी.यू.सी.ला, म्हणजे बारावीला, इंग्रजीत गचकलो होतो आणि दुसऱ्यांदा परीक्षा द्यायला बिदरातच, मैलूरला, तुमच्या घरी राहत होतो. मावसबहीण म्हणून तुला माझं इंग्रजी घ्यायला सांगितलं होतं, आणि तू शिकवायला घेतलंस ते हे. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. समोर दार आहे म्हटलं की आपण म्हणायचं, "मी दार ढकलतो." दार उघडतं की नाही ते आकडा ठरवणार. आकडा मोठा आला तर उघडलं, लहान आला तर बोट चेंगरलं. गोष्ट सांगणारी तू. रेडिओ दुरुस्त करणारा मुजीब पहिलवान झाला, गल्लीतली कानडी शाळेत शिकणारी शिवलीला जादूगारीण झाली आणि मी चोर. खेळाचं नाव कव्हरबरोबरच गेलेलं, म्हणून आपण त्याला भुयार म्हणायचो. बिदरच्या किल्ल्याखाली तू सात मजले खणलेस, तेही खाकी कागदावर शिंप्याच्या खडूनं, मागच्या बाजूला कुणाच्या तरी ब्लाउजची मापं असायची.

आकड्यासाठी वीस बाजूंचा फासा लागतो असं पुस्तकात होतं. चित्रही होतं. तसला फासा बिदरात कुठून मिळणार? मुजीबनं कपड्याच्या साबणाचा कोरून बघितला, तो कसाही टाकला तरी सातावरच बसायचा. मग तू वीस चिंचोके धुऊन पुसून घेतलेस, लाल नेलपॉलिशनं त्यांच्यावर एक ते वीस आकडे घातलेस आणि बटणांच्या डब्यात टाकलेस. न बघता एक काढायचा. पहिल्या एक-दोन रविवारांचं मला धड आठवत नाही, पण नियम पाठ आहे: काढलेला चिंचोका बशीत ठेवायचा, वीसच्या वीस निघेपर्यंत डब्यात परत टाकायचा नाही. पुस्तकात असंच लिहिलंय, असं तू सांगितलंस. इंग्रजी धड तुलाच येत होतं, तपासणार कोण?

त्या नियमानं काय धमाल केली, अक्का! एक नंबरचा चिंचोका ज्याला लागेल त्याची पाठ थोपटायची, कारण सगळ्यांची पीडा त्यानं अंगावर घेतली. शिवलीला तर पक्की बेरकी. लहान आकडे लवकर संपावेत म्हणून ती फालतू उद्योग करत बसायची. "मी भिंतीला कान लावते." काढ चिंचोका. "मी माकडाला हाक मारते." काढ चिंचोका. भुयारात माकड आलं कुठून असं तू विचारलंस की ती म्हणायची, "हाक मारल्याबिगर कसं कळंल?" आणि शेवटी डब्यात तीन-चारच उरले की मुजीब हात चोळत ओरडायचा, "वीस अंदरीच है, नक्को घबराव!" टेबल थडथडायचं. मावशीची मसाल्याची बरणी एकदा त्यातच फुटली.

आपण जे खेळतो ती एका खेळाची जुनी आवृत्ती आहे, हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते. लगोरीची नवी आवृत्ती निघाली असं कधी कुणी ऐकलंय का?

मला ते पुण्यात कळलं. कॉम्प्युटरच्या कंपनीत चिकटलो, तिथली चार पोरं शनिवारी तोच खेळ खेळायची. खरा फासा मी तिथं पहिल्यांदा हातात घेतला. निळा, चकचकीत, लिमलेटच्या गोळीहून थोडा मोठा. टाकला, वीस! परत टाकला, परत वीस! मी खुर्चीवरून उठलोच. म्हटलं, असं कसं? वीस जाऊन आला ना एकदा? सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. एकजण शांतपणे म्हणाला, "अरे, मागं काय पडलं होतं ते फाशाला काय माहीत?" मग मी चिंचोक्यांचा नियम सांगितला तेव्हा पोरं पोट धरून हसली. आपलं पुस्तक कसं दिसतं ते सांगितल्यावर तर शेजारच्या टेबलावरची माणसं मला बघायला उठून आली. तसलं पुस्तक त्यांनी फक्त ऐकलेलं होतं. त्यांच्याकडं नवी कोरी आवृत्ती होती, नुकतीच निघालेली, तीन जाड रंगीत पुस्तकं.

मी ती तिन्ही घेतली. सोलापूर, उमरगा, बसवकल्याण करत बिदरला येईपर्यंत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. तुला कधी एकदा दाखवतो असं झालं होतं, अक्का. एवढं लक्षात ठेव, मी भांडायला आलो नव्हतो.

तू कागदावरून हात फिरवलास. "माल झकास हाय," म्हणालीस. दोन तास मशीन बंद ठेवून वाचलंस. आम्ही तिघं तुझं तोंड बघत होतो. मग चष्मा काढलास.

"लईच हिशेबी केलंय रे. माणूस झाडावर चढायलाय का पगारपत्रक भरायलाय?"

"नवं आहे अक्का. सुधारलेलं आहे."

"सुधारायला बिघडलं काय होतं?"

मी निळा फासा पुढं केला. तू टाकलास, एक आला. परत टाकलास, परत एक. तू तो फासा चिमटीत धरून माझ्या नाकासमोर नाचवलास. "ह्ये बघ! एकाच माणसाला दोनदा एक? कामून? त्यानं काय घोडं मारलंय?"

"खरा नियम असाच आहे."

"मंग खरा नियम येडपट हाय."

तिथं थांबायला हवं होतं. पण मला पुण्याचं वारं लागलेलं. मी मुजीबच्या आणि शिवलीलेच्या देखत म्हणालो, "नियम तू चुकीचा वाचलास, अक्का. तुला इंग्रजी कळलं नाही. इतकी वर्षं आपण सगळे चुकीचं खेळलो." तू चिंचोके गोळा केलेस, डब्याला झाकण लावलंस आणि मशीनवर बसलीस. "मंगळवारी लग्नाचं काम द्यायचंय," म्हणालीस. त्यानंतर रविवार बंद झाले. मुजीब सौदीत, दम्मामला, एसीच्या कामावर गेला, शिवलीला मास्तरीण होऊन बसवकल्याणला गेली. आपण दोघं फोनवर कुणाचं बारसं, कुणाचं लग्न, मावशीचे गुडघे एवढंच बोलत राहिलो.

देवानं माझी चांगली जिरवली, ते तुला माहीतच आहे. काही वर्षांनी त्याच लोकांनी आणखी एक आवृत्ती काढली आणि माझी तीन रंगीत पुस्तकं एका दिवसात जुनी झाली. माझं डोकंच फिरलं. हा काय खेळ आहे, सगळ्यांचे डाव एकाच छापाचे, असं म्हणून मी इंटरनेटवर अनोळखी माणसांशी तासनतास हुज्जत घालायचो. तेही घालायचे. एकानं मला जुनाट म्हटलं, मी त्याला दुधखुळा म्हटलं. ऑफिसातली नवी पोरं मला काका म्हणू लागली. हे सगळं मी एकदा शिवलीलेपाशी बोललो आणि तिच्या पोटात काही राहतं होय? दुसऱ्या दिवशी तुझा फोन.

"ऐकलं की तुझी बी आवृत्ती जुनी झाली म्हणं."

मी विषय बदलायला मावशीच्या गुडघ्यांचं विचारलं.

"सुधारायला बिघडलं काय होतं, असं म्हणायलास म्हणं लोकायला?"

मग तू इतकी हसलीस की तुला खोकल्याची उबळ आली. मी फोन आपटला नाही, हाच माझा मोठेपणा. पण खरं सांगतो, त्या हसण्यानं मला फार बरं वाटलं. त्यानंतर आपण पुन्हा भुयाराबद्दल बोलायला लागलो. नागाचं काय करायचं, शिवलीलेचा दिवा विझला होता की पेटता होता, असलं.

आणि यंदा ती बातमी! नवी आवृत्ती काढायच्या आधी त्या लोकांनी कच्चा मसुदाच इंटरनेटवर फुकट टाकला आणि खेळणाऱ्यांना सांगितलं, खेळून बघा, काय पटलं नाही ते कळवा. मी तुला ऑफिसच्या जिन्यातून फोन केला. आधी तुझा विश्वास बसेना.

"म्हंजे ते आपल्याला इचारायलेत?"

"सगळ्यांना विचारतायत."

"मैलूरला बी?"

"मैलूरलाही, अक्का."

"मंग लवकर पाठव की! बसलास काय?"

ऑफिसच्या प्रिंटरवर चोरून छापलं, खोक्यात घालून बिदरच्या बसच्या ड्रायव्हरकडं दिलं. त्यानंतर दोन आठवडे माझ्या जेवणाच्या सुट्टीवर तुझा कब्जा. अमुक पानावर त्यांचं चुकलंय, लिहून घे. तमुक नियम बरा हाय, पर भाषा वकिलाची हाय, लिहून घे. पेन्सिलीनं सगळा मसुदा रंगवलास. आणि ज्या दिवशी तुला तो दोन फाशांचा नियम सापडला, त्या दिवशी तू फोनवर अक्षरशः किंचाळलीस. कुणाची बाजू भक्कम असली तर त्यानं दोन फासे टाकायचे आणि त्यातला चांगला घ्यायचा. "हे ज्यानं लिहिलं ना, त्याला घरात एखादी शहाणी बहीण असणार!" जुन्याचा हट्ट धरणारी माझी अक्का आणि नव्या आवृत्तीवर इतकी खूश? मी तुला चिडवलं. तू म्हणालीस, "चांगल्याला चांगलं म्हणाव. एक आयतवार ठरव. त्या दोघायला बी बोलव. आधी माझ्या चिंचोक्यानं खेळू, मंग तुझ्या फाशानं. मंग भांडू."

रविवार ठरला. त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट करणार होतो. तुझ्यासमोर बसून, त्या दोघांच्या देखत, म्हणणार होतो की तुला इंग्रजी कळलं नाही असं बोलायला नको होतं. फोनवर म्हणता आलं असतं, चार वेळा तोंडापर्यंत आलं होतं. पण ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोरच मागं घ्यावं असं वाटलं. त्याच्या दहा दिवस आधी, गुरुवारी सकाळी, सुट्टीवर बिदरला आलेल्या मुजीबचा फोन आला, तू गेल्याचा.

तर काल. तुझ्या स्टुलावर मी बसलो, गोष्ट सांगायला. मला ते जमत नाही, अक्का. तू नाग बोलायला लागलीस की आमच्या अंगावर काटा यायचा. मी बोललो तर शिवलीला म्हणाली, "ह्यो नाग तहसील कचेरीत कामाला हाय का?" तरी रेटत राहिलो. आधी चिंचोके, तुझ्या शब्दाप्रमाणं. शेवटी बशीत सतरा आणि डब्यात तीन उरले. आम्ही तिघांनी एकदमच मोजलं. पाच, नऊ आणि वीस! मुजीबनं डोळे मिटले, डब्यात हात घातला, चांगला वेळ खळखळवला आणि मूठ टेबलावर उघडली. वीस, अक्का, वीस!

गलका ओसरल्यावर मी हसत म्हणालो, "अक्काची चूक शेवटी कामाला आली बघा."

शिवलीलेनं चहाचा कप खाली ठेवला. "चूक न्हवती ती."

"म्हणजे?"

"पहिले दोन आयतवार आपण चिंचोका परत डब्यात टाकायचो. पुस्तकात तसंच होतं. तुला याद न्हाई?"

"हौ, टाकते थे," मुजीब म्हणाला. तो खिडकीकडं बघत होता.

"तुला एक लागला, मंग तीन लागला, मंग परत एक. दोन आयतवारात तुझा माणूस दोनदा मेला. तू म्हणलास, इथं बी मी नापासच. पिशवी घेतलीस नि मुडबीला जायला निघालास. अक्का तुला बसस्टँडवरून घेऊन आली. पुढच्या आयतवारी म्हणाली, मी नियम नीट वाचला न्हवता, निघालेला आकडा परत टाकायचा नसतो. आमाला काय कळंना व्हय? पर आमी मान हलवली."

शिवलीला पुढं बोलत होती. "तू पुण्याहून येऊन तिला चुकीचं म्हणलास, तवा मी बोलणारच होते. तिनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. मागून म्हणाली, सांगू नको, लाजंल त्यो."

अक्का, आधी मला तुझा रागच आला. काय गरज होती? एका शब्दात माझं तोंड बंद झालं असतं. इतके रविवार वाया गेले नसते. त्या बसस्टँडची मला पुसटशी आठवण आहे, तू मला उसाचा रस पाजला होतास आणि वाटेत फक्त किल्ल्याच्या दारांबद्दल बोलत होतीस. मी परत आलो, पी.यू.सी. निघाली, पुण्याला गेलो, फासा घेऊन आलो आणि तुलाच शिकवायला बसलो. माझं चुकलं. तुझ्या स्टुलावर बसून मी ते दोघांच्या देखत मोठ्यानं म्हटलं. मावशीनंही ऐकलं, तिला काय ते कळलं नाही, पण ती येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली.

मग मात्र मला काय हसू सुटलं! सुधारायला बिघडलं काय होतं म्हणणारी तू! मी तुला जुन्याला चिकटलेली म्हणून इतकी वर्षं हिणवलं, आणि त्या पुस्तकाची पहिली नवी आवृत्ती तूच काढली होतीस. तिसऱ्या रविवारी, मैलूरमध्ये, त्याच बटणांच्या डब्यासकट. कुणाची परवानगी घेतली नाहीस, वर छापलंय म्हणून थापही मारलीस. टेबलावरचा एकजण उठून चालला होता, एवढंच कारण. मी मुजीबला हे सांगितलं तर तो म्हणाला, "इत्ते दिनां के बाद समझ्या क्या?"

उरलेला खेळ फाशानं खेळलो. मुजीबला लागोपाठ दोनदा एक आला आणि नाग मारणारा पहिलवान एका उंदरानं चावून मेला. शिवलीला हसून हसून टेबलावर आडवी पडली. तू असतीस तर फासा खिडकीतून फेकला असतास.

आज सकाळी नेट कॅफेत बसून आमची मतं पाठवून दिली. तुझ्या नावाचा वेगळा फॉर्म भरला. पेन्सिलीच्या सगळ्या खुणा उतरवल्या, वकिलाची भाषा हाय हेसुद्धा. शेवटी चिंचोक्यांचा नियम सविस्तर लिहिला, आणि तो कुणासाठी काढला होता तेही लिहिलं. माझ्या फुटक्या इंग्रजीत लिहिलं, तू असतीस तर निम्म्या चुका काढल्या असत्यास.

मग माझ्या नावाचा फॉर्म उघडला. त्यात लिहिलं, हा चिंचोक्यांचा नियम खेळात घेऊ नये.

हो, खरंच लिहिलं. तू मला बसस्टँडवरून परत आणलंस, ते या जन्मात फिटायचं नाही. पण म्हणून खोटं मत देऊ? काय उरलंय ते सगळ्यांना ठाऊक असलं की भीतीच जाते, आणि भीती गेली तर भुयारात उतरायचं कशाला? मग शिवलीला माकडाला हाका मारत बसते. ज्याला एक आला त्याला पुन्हाही एक येऊ शकतो, त्यातच तर मजा आहे. नियम म्हणून फासाच बरोबर आहे, अक्का, आधीही होता आणि आजही आहे.

बोल की आता. एवढं चिडवलंय, गप्प बसायचा तुझा स्वभाव नाही. बोल.